बैल, नांगर, येडा आणि छप्पर

लंका गेल्याचं मला जुन्नरला, दुकानात कळलं. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनवर एका माणसाचा सातबारा लावला होता आणि माझ्या मेहुण्याचा, जानकूचा, निरगुडसरहून फोन आला. लंका चार दिवसांसाठी माहेरी गेली होती.

"दाजी, दुकान बंद करा आन् निघा," तो म्हणाला.

"तिला दे फोन."

"तुमी निघा," तो परत म्हणाला. मी परत म्हणालो, "जानकू, तिला दे फोन." तेव्हा तो रडायला लागला. सकाळी चहा ठेवताना तिच्या छातीत कळ आली. ती खाली बसली आणि उठलीच नाही. मी फोन खिशात ठेवला तोवर मशीन चालूच होतं. त्या माणसाला तीन प्रती हव्या होत्या, एकवीस निघाल्या. माझं तोंड बघून तो बिचारा सगळ्या उचलून गेला.

ही २००९ ची गोष्ट. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात. प्रवचन संपलं की गावातली चार मोठी माणसं उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. गेणूभाऊ उठले. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. माईक हातात घेऊन म्हणाले, "लंकावयनी सोभावानं तापट व्हत्या. नवऱ्याला काठीनं, लाटण्यानं, येळप्रसंगी दगडानं... आता काय सांगायचं, समद्या गावाला म्हाईत हाय. पण आपल्या समितीनं समेट घडवला, आन् त्या दिवसापासून त्या माऊलीनं नवऱ्यावर हात उचलला न्हाई."

तीनशे माणसांनी मान हलवली. शेजारी बसलेल्या एका पाहुण्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लई सोसलं राव तुमी," म्हणाला.

तिथं मी काय बोलणार? म्हणून लिहितो आहे. गावाचं नाव लिहीत नाही. वारूळवाडीच्या पुढं कुठंतरी आहे असं धरा. नाव लिहिलं तर वेशीवरचा तंटामुक्तीचा बोर्ड उतरवावा लागेल.

आणि एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. माळशेज घाटापासून मंचरपर्यंत माझ्या बायकोएवढी जर्मन तलवार कुणाला येत नव्हती. मलाही नाही, आणि मी तिच्यासमोर अकरा वर्षं उभा होतो.

सुरुवात झाली ती माझ्या मशीनमुळं. १९९६ च्या थंडीत लेणी बघायला आलेला एक उंच गोरा माणूस दुकानात आला. त्याच्याकडं जाडजूड पुस्तक होतं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी जर्मनीत तलवार कशी शिकवायचे त्याचं. पानापानावर लढणाऱ्या दोन माणसांचं चित्र आणि खाली बारीक इंग्रजी. पुस्तक त्याला कुठल्यातरी लायब्ररीला परत करायचं होतं, म्हणून अख्खी प्रत हवी होती. माझ्या मशीनचा ड्रम त्या आठवड्यात खराब होता. सगळ्या पानांवर मधोमध एक आडवी काळी रेघ आली. तो हात हलवून नको म्हणाला. मी ड्रम पुसून दुसरी प्रत काढून दिली आणि पहिला गठ्ठा घरी नेला. पाठकोरा कागद घरात कशालाही लागतो.

लंकाची मॅट्रिक इंग्रजीत गेली होती आणि तो राग तिच्या मनातून गेलेला नव्हता. तिनं आमच्या मुलीची, हर्षालीची, शाळेतली डिक्शनरी घेतली आणि चुलीसमोर बसून रोज चार ओळी वाचायला लागली. आठवडाभरानं मला म्हणाली, "अहो, ही माणसं शेतकरीच व्हती."

"कोण माणसं?"

"जर्मन."

तलवार घेऊन उभं राहायच्या त्यांच्या चार तऱ्हा होत्या. पहिलीचं नाव बैल. मूठ कानापाशी आणि टोक समोरच्याच्या तोंडावर, शिंगासारखं. दुसरी नांगर. मूठ कमरेला, टोक वर. तिसरीत टोक खाली जमिनीकडं सोडायचं, समोरच्याला वाटावं याला काही येत नाही, आणि तो जवळ आला की खालून घालायची. डिक्शनरीत तिला मूर्ख असं होतं. लंकानं येडा केलं. चौथी छप्पर, म्हणजे तलवार डोक्यावर.

"बैल, नांगर, येडा, छप्पर," ती म्हणाली. "समदं आपल्या घरात हाय की. निस्ती तलवार न्हाई."

"येडा कुठाय?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं.

पहिल्या तलवारी उसाच्या होत्या. दोन-चार वारांत मोडायच्या आणि मग आम्ही त्या खात बसायचो. मग तिनं फावड्याचे दोन दांडे घेतले. तलवारीच्या मुठीवर आडवी दांडी असते, हाताला मार लागू नये म्हणून. तिच्या जागी तिनं सुतळीनं लाटणी बांधली. घरात लाटणी दोनच, म्हणून रविवारी दुपारी तलवार असली की पोळ्या सकाळीच उरकायच्या.

आता त्या काळ्या रेघेचं सांगतो. प्रत्येक चित्रात दोन माणसांच्या मधून छातीच्या उंचीवर ती रेघ जायची. लंकानं पुष्कळ विचार केला आणि ठरवलं की ती दोरी आहे. शिकताना एकमेकांना लागू नये म्हणून बांधत असणार. तिनं खळ्यात दोन मेढी रोवून धुण्याची दोरी ताणली, आणि दोरीच्या अलीकडं ती, पलीकडं मी, असं आम्ही जवळजवळ दोन वर्षं शिकलो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तो ड्रमचा डाग आहे. पण दोरी होती तोवर तिची काठी माझ्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून मी गप्प होतो.

एक दिवस ती डबा घेऊन दुकानात आली. काउंटरवर एका मुलाच्या स्थळाच्या माहितीचा कागद पडला होता, फोटोसकट. तिनं तो उचलला.

"अहो, ह्या नवऱ्या मुलाच्या गळ्यापाशी बी दोरी हाय."

मी म्हणालो, "हां, ते जरा ड्रम परत..."

तिनं डबा ठेवला आणि एसटीनं घरी गेली. संध्याकाळी मी पोचलो तर दोरी सोडून गुंडाळून ठेवलेली. त्या रविवारी मला खरी तलवार कळली. माझी तीन बोटं आठवडाभर सुजलेली होती आणि दुकानात प्रत्येकाला मी सांगत होतो की शटरमध्ये सापडली.

वारांची नावंही तिनं मराठीत करून घेतली होती. रागाचा वार, तिरळा वार, भांगाचा वार. भांगाचा वार नेमका केसांच्या भांगावर उतरवायचा असतो. माझा भांग तोवर उरला नव्हता. "आसू द्या, अंदाजानं घेते," ती म्हणायची.

तुम्हाला वाटेल बायको नवऱ्याला झोडत होती. तसं नव्हतं. त्या पुस्तकात एक गोष्ट होती, ती मला आजही आठवते. काठीला काठी टेकली की लगेच मारायचं नाही. थांबायचं. समोरचा दाबतोय का सोडतोय ते मनगटाला कळू द्यायचं, आणि मग काय करायचं ते ठरवायचं. आम्हाला हे जमायला चार वर्षं लागली. नंतर असं व्हायचं की काठ्या टेकल्या की ती म्हणायची, "आज तुमचं ध्यान न्हाई. हर्षालीचा फोन आला न्हाई म्हणून ना?" आणि ते खरं असायचं. तोवर हर्षाली लग्न होऊन पुण्याला गेलेली होती. घरात आम्ही दोघंच. एरवी आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, लाइट गेली, एवढंच. काठी टेकली की मात्र तिला सगळं कळायचं, आणि मलाही तिचं थोडंफार कळायचं.

गडबड अशी की ती सराव करताना नावं मोठ्यानं घ्यायची. मी एका तऱ्हेतून दुसरीत जायचं ते तिच्या हुकमावर. "बैल. नांगर. येडा. अहो, येडा म्हणते ना. परत बैल." आणि आमच्या भिंतीपलीकडं साळुबाई राहते. साळुबाई वाईट बाई नाही, पण तिच्या कानात पडलेली गोष्ट तिच्या पोटात राहत नाही. तिनं गावात आधी सांगितलं की सावळेराम, म्हणजे मी, बैल आणि नांगर विकायला काढतोय. बेल्ह्याच्या बैलबाजारातला एक दलाल खरंच आला. मी दोन्ही हात कानापाशी धरून उभा होतो.

"बैल कुठंय?" त्यानं विचारलं.

"ह्यो काय," लंका काठीनं माझ्याकडं दाखवत म्हणाली.

त्यानं मला खालीवर बघितलं. "वय झालंय. पाय बी बाहेर पडत्यात," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

आम्हाला बैल विकायचा नाही हे कळल्यावर साळुबाईनं दुसरा अर्थ लावला. म्हणजे ही नवऱ्यालाच बैल म्हणते आणि येडा म्हणते. दर रविवारी. काठीचा आवाज पण येतो. तेव्हापासून मी रस्त्यानं जाताना बायका मला डोक्यावरचा पदर नीट करून वाट द्यायला लागल्या. मला वाटलं, झेरॉक्सच्या धंद्यामुळं मान वाढला.

२००८ च्या एप्रिलमध्ये गठ्ठ्याच्या शेवटाकडची पानं आली. लंकानं एक पान बराच वेळ धरून ठेवलं.

"अहो, हिथं बाई हाय."

बघितलं तर खरंच. एक माणूस कमरेइतक्या खड्ड्यात उभा, एक हात पाठीमागं बांधलेला, दुसऱ्या हातात सोटा. वर काठावर एक बाई, हातात फडकं, फडक्यात दगड बांधलेला. खाली लिहिलं होतं की नवरा-बायकोचं भांडण पंचांनी सांगून मिटलं नाही, तर त्यांना असं लढू द्यायचे.

"नवऱ्याला खड्ड्यात कशापायी?" मी विचारलं.

"बरोबरीचं व्हावं म्हणून. बाईचा जोर कमी ना." ती जरा हसली. "मला खड्ड्याची गरज न्हाई. पण पुस्तकात हाय तर करून बघाया पायजे."

घरामागं सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणून ठेवला होता. मी उतरलो. बरोबर कमरेइतका. तिनं जुन्या लुगड्याच्या काठानं माझा डावा हात पाठीशी बांधला. आता इथं नीट ऐका. गेणूभाऊंनी माईकवर दगड म्हटलं, समितीच्या नोंदवहीतही दगड आहे. तो बटाटा होता. मध्यम आकाराचा. नवऱ्याला लागू नये म्हणून तिनं घरातला बटाटा घेतला, टॉवेलात बांधला, आणि फिरवायला लागली.

तिसऱ्या फेरीला गाठ सुटली. बटाटा भिंतीवरून पलीकडं गेला आणि साळुबाईच्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये पडला. मी तो चुकवायला खाली वाकलो होतो, वर येताना कपाळ खड्ड्याच्या काठच्या धोंड्यावर आपटलं. रक्त आलं. लंका घाबरली, माझ्या हातातला दांडा काढून घेतला आणि हळद आणायला आत पळणार, तर दांडा हातात तसाच, लाटणं बांधलेला. त्याच वेळी साळुबाई बाजेवर चढून भिंतीवरून डोकावली. तिला काय दिसलं असेल ते बघा. मी खड्ड्यात, एक हात बांधलेला, तोंडावर रक्त. लंका वर, दांडा घेऊन.

"आगं बया," साळुबाई म्हणाली. "नवऱ्याला जित्ता गाडती का काय?"

पाऊण तासात समिती आली. गेणूभाऊ, दोन सभासद आणि नोंदवही. माझ्या कपाळाला हळद, लंका चहा ठेवत होती.

"सावळेराम, कसं लागलं?"

"पडलो."

गेणूभाऊंनी सभासदांकडं बघितलं. "समदे असंच म्हणत्यात. मागं बोटं सुजली व्हती तवा?"

"शटरमंदी सापडली," मी सवयीनं बोलून गेलो. लंकानं माझ्याकडं बघितलं.

तीच पुढं आली आणि सगळं सांगायला लागली. जर्मनी, बैल, नांगर, सगळं. ती गठ्ठा घेऊन आली आणि खड्ड्याचं चित्र त्यांच्यापुढं धरलं. गेणूभाऊंनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"म्हंजी रागाच्या भरात न्हाई," ते म्हणाले. "ठरवून. पुस्तक बघून." आणि पान घडी करून नोंदवहीत घातलं. "पुरावा म्हणून ऱ्हाऊ द्या."

"दगड कुठंय?" एका सभासदानं विचारलं.

"बटाटा व्हता," लंका म्हणाली. "साळुबायच्या कुरडयांत पडला."

माणूस पाठवला. साळुबाईनं त्याचा रस्सा टाकला होता.

मग गेणूभाऊ मला फाटकापाशी घेऊन गेले. आवाज खाली करून म्हणाले, "हे बघ राव. सरकारच्या बक्षिसासाठी मिटलेलं तंटं दाखवाया लागत्यात. गावात बांधाचं सात तंटं हाईत, एक बी मिटत न्हाई. भाऊ भावाचं तोंड बघत न्हाई. तुझं आपसूक मिटलेलं हाय. फकस्त सही कर. गावाचं नाव व्हईल."

"पन तिनं मारलं न्हाई, गेणूभाऊ."

"कोण म्हणतंय मारलं? कागद हाय निस्ता."

माझा सगळा जन्म कागदात गेला. माझ्या मशीनखालून रोज शंभर कागद जायचे. त्यात खरं किती, खोटं किती, मी कधी वाचलं नाही. मी सही केली. 'पत्नीकडून काठी, लाटणे व दगडाने मारहाण. समितीने समजूत घातल्याने उभयतांत समेट.' लंकाला सही करायला बोलावलं तर ती म्हणाली, "बैल म्हणले ते लिवा. येडा म्हणले ते बी लिवा. पर मारलं न्हाई. मारलं असं लिवू नका." तिनं सही केली नाही. माझी एकट्याची चालली.

ते गेल्यावर तिनं विचारलं, "तुमी केली सही?"

"कागद हाय निस्ता," मी म्हणालो.

ती भांडली नाही. आत गेली, दांड्याची सुतळी सोडली, लाटणं धुतलं आणि पोळपाटावर ठेवलं. पुढच्या रविवारी मी खळ्यात जाऊन उभा राहिलो. ती आली नाही. मी हाक मारली.

"नगं," आतून म्हणाली. "आता काठी धरली तर लोक म्हणतील परत सुरू झालं. समेट मोडला. गावाचं बक्षीस जाईल."

म्हणजे गेणूभाऊ दहाव्याला बोलले ते खोटं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं खरंच हात उचलला नाही.

पुढच्या वर्षी गावाला बक्षीस मिळालं. वेशीवर बोर्ड लागला, ढाल आली, जेवण झालं. जेवणाच्या पंगतीत साळुबाई लंकाला वाढताना म्हणाली, "लंकाबाय, चांगली सुधारलीस गं." लंका खाली मान घालून जेवत राहिली. घरी येताना वाटेत तिनं मला सांगितलं, "तेवढं माझं नाव काढून आना वहीतनं. बाकी काय म्हणत न्हाई मी." मी म्हणालो, बोर्ड नवीन आहे, जरा जुना होऊ दे. पुन्हा दिवाळीत म्हणाली. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर ती निरगुडसरला गेली.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेणूभाऊंकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते. मला बघून चहा सांगितला.

"लंकाचं नाव काढाया आलोय वहीतनं."

"आता वयनी गेल्या. कशाला उकरतो?"

"तिनं मारलं न्हाई."

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"म्हाईत व्हतं?"

"चित्र बघितलं तवाच कळलं. खेळ व्हता तुमचा. पन बक्षिसाला तंटा लागतो राव, खेळ लागत न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "काढायचंच आसंल तर लेखी दे. मी खोटी सही केली असं लिवून दे. ग्रामसभेत वाचून दाखवाया लागंल. मी अडवत न्हाई."

तसा तो माणूस वाईट नाही. मी मागितलं असतं तर लंका असतानाही त्यानं अडवलं नसतं.

अर्ज मी चार वेळा लिहिला. पहिल्यात गेणूभाऊंचं नाव होतं, ते काढलं. दुसऱ्यात साळुबाईचं होतं, तेही काढलं. तिसऱ्यात जर्मनीचं फार झालं. चौथ्यात फक्त माझं आणि लंकाचं नाव आहे, आणि तो बरोबर आहे. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा होऊन गेली. मी गेलो होतो, मागं बसलो होतो, अर्ज खिशात होता. नळाच्या पाण्यावर बोलणं फार लांबलं.

वहीत तिचं नाव अजून तसंच आहे. अर्ज द्यायचा राहिला आहे.